जुन्या फोर बाय फोरचं ब्रीदर: या चुका टाळा

दिंडोरी-निफाडकडच्या मळ्यांत जुन्या जीप अजून राबतात, आणि त्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते: क्रँकचं मागचं, गिअरबॉक्सच्या बाजूचं सील बदललं, तरी ऑइल गळतंय. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पुन्हा मोजण्याआधी कृपा करून ब्रीदर, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडणारी जाळी आणि पाइप, बघा.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली क्रँकच्या चेंबरमध्ये उतरतोच, अगदी नव्या इंजिनातही. त्यात पाण्याची वाफ, न जळालेलं इंधन आणि काजळी असते. ब्रीदर तुंबला की आत दाब साठतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर येतं: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, डिपस्टिकची नळी, मागचं सील. लोड घेऊन कसारा घाट चढताना हा गॅस वाढतो. म्हणून नाशकात कोरडं दिसणारं इंजिन घाट चढून आल्यावर ओलं सापडतं.

ब्रीदरमधून धूर येतो म्हणून पाइपात बोल्ट ठोकून देणं ही सगळ्यात वाईट चूक. असं कधीही करू नका. पाइप काढून आतून बघा, ब्रीदरची जाळी डिझेलमध्ये धुऊन पूर्ण सुकवा. मग इंजिन गरम करून स्लोवर ठेवा आणि ऑइल फिलरचं झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. ते जरासं थरथरलं तर ठीक. साफ ब्रीदर असूनही जोरात उडत असेल, तर कॉम्प्रेशन तपासून घ्या, रिंगा किंवा बोअर झिजलेले असू शकतात. काही इंजिनांत मुळातच झाकण जास्त हलतं, तेव्हा नुसत्या या खुणेवर इंजिन खोलू नका.

पेट्रोल गाडीचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (हाच गॅस इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढायच्या वाटेत, सोडणारी झडप) डिझेलला लावायचा नाही. तो इनटेकच्या ओढीवर चालतो आणि बहुतेक डिझेल इंजिनांत तशी ओढ नसते. पाइपही ऑइल सोसणाराच हवा. पाण्याचा साधा पाइप ऑइलने फुगतो, मऊ पडतो आणि वळणावर चपटा होऊन वाट बंद करतो.

निफाडच्या थंडीत घर ते मळा एवढीच गाडी फिरली, तर ऑइल फिलरच्या झाकणाखाली वाफ आणि ऑइल मिसळून पांढरट साय धरते. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल तर ते ऑइलात शिरतंय समजून लगेच हेड खोलू नका, इंजिन चांगलं तापेल एवढी लांब फेरी मारून पुन्हा बघा.

ब्रीदरचा पाइप एअर क्लीनरकडे जात असेल, तर ऑइल खुणेच्या वर कधीच भरू नका. जास्तीचं ऑइल इनटेकमध्ये गेलं, तर डिझेल इंजिन त्याच्यावरच बेफाम पळत सुटतं. मग चावी किंवा स्टॉपची केबल उपयोगाची नाही. ब्रेक घट्ट दाबा, टॉप गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ते जमलं नाही तर सगळ्यांना गाडीपासून लांब करा. इनटेकच्या तोंडाला हात लावू नका.