ख्रिस्ती धर्म आणि इस्लामची तुलना करताय? या चुका टाळा

संस्थापक : येशू, मुहंमद. ग्रंथ : बायबल, कुराण. प्रार्थनास्थळ : चर्च, मशीद. स्पर्धा परीक्षांच्या नोट्स असोत की व्हॉट्सॲपवरची पोस्ट, हा दोन रकान्यांचा तक्ता हमखास भेटतो. घोळ तिथूनच सुरू होतो. नावं समोरासमोर मांडली की दोन्हींचं त्या त्या धर्मातलं स्थानही एकच असेल, असं वाटायला लागतं.

सगळ्यात मोठी गफलत ग्रंथांच्या ओळीत आहे. मुस्लिम श्रद्धेनुसार कुराण हे ईश्वराचं प्रत्यक्ष वचन. इ.स. ६१० पासून ६३२ पर्यंत ते मुहंमद पैगंबरांवर थोडं थोडं अवतीर्ण होत गेलं. पैगंबर ते पोहोचवणारे, रचणारे नव्हेत. बायबल हा मात्र अनेक शतकांत, अनेक हातांनी लिहिलेल्या ग्रंथांचा संग्रह. आद्य ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाची पत्रं साधारण ५० च्या दशकापासूनची, येशूचं जीवन सांगणारी चार शुभवर्तमानं बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यानंतरची. त्यांतल्या एकाचा लेखक लूक तर सुरुवातीलाच सांगतो की, आपण सगळ्याचा नीट शोध घेऊन लिहीत आहोत. प्रेरणा देवाची, पण लेखक माणूस, हे ख्रिस्ती परंपरेला मान्यच आहे. तिच्या दृष्टीने देवाचं वचन म्हणजे सर्वांत आधी खुद्द येशू : योहानाच्या शुभवर्तमानाच्या शब्दांत, ‘शब्द देही झाला’.

म्हणून कुराणासमोर बायबल नव्हे, येशूला ठेवून पाहा. आणि शुभवर्तमानांसमोर, निदान लेखनप्रकार म्हणून, पैगंबरांची वचनं आणि चरित्र सांगणारं हदीस-वाङ्मय ठेवा. बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. नमाजात कुराण अरबीतच का म्हटलं जातं, आणि बायबल मात्र पहिल्या शतकांपासून भाषांतरांतून का पसरलं, हे लक्षात येतं. गोव्यात रायतूरला १६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा थेट मराठी ओव्यांत सांगितली, तेही याच प्रवाहातलं.

संस्थापकांच्या ओळीतही तोच दोष. ख्रिस्ती लोक येशूची उपासना करतात. मुस्लिम मुहंमदांची करत नाहीत, त्यांना अखेरचा पैगंबर मानतात. येशूलाही इस्लाम पैगंबर मानतो. कुराणात मरियमच्या नावाचा अध्याय आहे, कुमारीपोटी झालेला येशूचा जन्म आहे, ‘मसीह’ ही पदवीही आहे. वाट फुटते ती पुढे : कुराण येशूचं देवत्व आणि क्रूसावरचा मृत्यू, दोन्ही नाकारतं, आणि ख्रिस्ती श्रद्धा नेमकी त्याच दोन गोष्टींवर उभी आहे. त्यामुळे ‘दोघं एकच सांगतात’ हेही चूक आणि ‘काडीचंही साम्य नाही’ हेही चूक. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) म्हणजे तीन देव, हे तर कुठल्याच मुख्य चर्चचं म्हणणं नाही.

आता प्रसार. ‘एक प्रेमाने पसरला, दुसरा तलवारीने’ हे वाक्य ज्याला जसं सोयीचं तसं फिरवून वापरलं जातं. इथे राज्याचा विस्तार आणि धर्माचा प्रसार वेगळे करायला शिकलं पाहिजे. अरब फौजांनी सातव्या शतकाच्या मध्याला इजिप्त घेतला, पण तिथले बहुसंख्य लोक पुढे कित्येक पिढ्या ख्रिस्तीच होते. आज सर्वाधिक मुस्लिम असलेल्या इंडोनेशियात तर अरब सैन्य कधी उतरलंच नाही. तिथे व्यापारी गेले, सूफी गेले. उलट बाजूला, ख्रिस्ती धर्म पहिली तीन शतकं सत्तेविना, अधूनमधून छळ सोसत वाढला. ३१३ मध्ये त्याला राजमान्यता मिळाली, ३८० मध्ये तो रोमचा अधिकृत धर्म झाला. आठव्या शतकात फ्रँक लोकांचा ख्रिस्ती राजा शार्लमेनने जिंकलेल्या सॅक्सन लोकांसाठी बाप्तिस्मा नाकारण्याला देहदंड ठेवला.

आपल्याच किनाऱ्याकडे बघा. अरब प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला आला, तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुस्लिम राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले लोक आणि त्यांची इथेच जन्मलेली मुलंबाळं. सत्ता राष्ट्रकूटांची होती. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तो १२९६ मध्ये! तसंच सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कोस्मास ‘कल्लियाना’त इराणहून नेमलेला बिशप असल्याचं सांगतो, ते आपलं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीज त्यानंतर हजारेक वर्षांनी आले. आणि १५६० मध्ये गोव्यात बसलेलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, तेही खरंच आहे. ते झाकून फक्त कल्याण सांगणं, किंवा चौल विसरून फक्त खिलजी सांगणं, दोन्ही अप्रामाणिक.

काळाची सरमिसळही टाळा. येशूने राज्य केलं नाही. मुहंमदांवर ६२२ च्या हिजरतीनंतर (मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतरानंतर) मदिनेत करार, न्याय, लढाया अशी सगळी जबाबदारी आली. तेव्हा पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळीशी खिलाफतीची, म्हणजे पैगंबरांच्या वारसदार खलिफांच्या राज्याची, तुलना करू नका. साम्राज्यासमोर साम्राज्यच ठेवा : बगदादच्या अब्बासी खलिफांसमोर कॉन्स्टँटिनोपलचे ख्रिस्ती बायझंटाइन सम्राट.

शेवटची, छोटी पण जागोजागी दिसणारी चूक : ‘शिया-सुन्नी म्हणजे कॅथलिक-प्रोटेस्टंट’. पैगंबरांनंतर नेतृत्व कोणाचं, या ६३२ मधल्या प्रश्नातून शिया-सुन्नी दुफळीची सुरुवात झाली आणि पैगंबरांचे नातू हुसैन जिथे मारले गेले, त्या ६८० च्या करबलाच्या लढाईने ती खोल केली. प्रोटेस्टंट चळवळ उभी राहिली ती दीड हजार वर्षांची चर्चसंस्था डोक्यावर असताना, १५१७ नंतर. पोपसारखं एकच पद सुन्नी इस्लाममध्ये नाही, त्यामुळे त्याविरुद्ध तसं बंड होण्याचाही प्रश्न नव्हता.