आधी बाजूला लिहा, मग नाव बदला: पायथनमध्ये फाइल सुरक्षितपणे कशी लिहावी

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब मी एका सीएसव्ही फाइलमध्ये ठेवत असे. महिनाअखेरीस एक छोटी पायथन स्क्रिप्ट ती फाइल वाचायची, थकबाकी जोडायची आणि त्याच फाइलवर पुन्हा लिहायची. एकदा सभासदांची नावे मराठीत घेतली, विंडोजवर स्क्रिप्ट चालवली आणि ‘युनिकोड-एन्कोड-एरर’ आला. फाइल उघडून पाहिली, तर इंग्रजी शीर्षकांची पहिली ओळ तेवढी शिल्लक होती. बाकी सगळ्या नोंदी गेल्या होत्या.

एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये कशी साठवायची ते, सांगितले नव्हते, त्यामुळे पायथनने विंडोजचे ठरलेले सीपी-१२५२ घेतले, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ सांगितले की ही चूक सुधारते. खरा धोका दुसरीकडे आहे. ‘डब्ल्यू’ मोडमध्ये ‘ओपन’ म्हणताच, एकही अक्षर लिहिण्याआधी, जुनी फाइल रिकामी होते. त्यानंतर वीज जावो, डिस्क भरो किंवा कोणी कंट्रोल-सी दाबो, परत जायला काही उरत नाही. म्हणून नवा मजकूर आधी वेगळ्या, तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहायचा आणि मगच तिला जुन्या फाइलचे नाव द्यायचे.

पहिली पायरी जागेची, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. तात्पुरती फाइल मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये बनवा. सिस्टिमचे टेम्प फोल्डर अनेकदा वेगळ्या फाइल-सिस्टिमवर असते. कित्येक लिनक्स वितरणांत तर ते थेट रॅममध्ये असते. एका फाइल-सिस्टिमवरून दुसरीवर नाव बदलता येत नाही, ‘रिनेम’ तिथे त्रुटी देते. त्यावर उपाय म्हणून पायथनच्या ‘शटिल’ मॉड्यूलमधले ‘मूव्ह’ वापरले, तर ते मुकाट्याने कॉपी करू लागते आणि अर्धवट फाइलचा धोका पुन्हा दारात येतो.

आता ‘टेम्पफाइल’ मॉड्यूलमधले ‘नेम्ड-टेम्पररी-फाइल’ घ्या. त्याला चार गोष्टी सांगा: मोड ‘डब्ल्यू’, एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’, ‘डिर’ म्हणजे मूळ फाइलचे फोल्डर, आणि ‘डिलीट’ला ‘फॉल्स’. शेवटची सांगायची विसरलात तर फाइल बंद होताच पुसली जाईल. सीएसव्ही लिहीत असाल तर ‘न्यूलाइन’ला रिकामी स्ट्रिंगही द्या, नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ दिसते. जुन्या उदाहरणांत ‘एमकेटेम्प’ दिसेल, ते वापरू नका. ते फक्त नाव सुचवते. नाव मिळणे आणि फाइल बनणे यांच्या मधल्या क्षणात दुसरा प्रोग्राम त्याच नावाची फाइल बनवू शकतो.

मजकूर लिहून झाला की ‘फ्लश’ करा, मग फाइलचा ‘फाइल-नो’, म्हणजे सिस्टिमने उघड्या फाइलला दिलेला क्रमांक, देऊन ‘ओएस’मधले ‘एफसिंक’ बोलवा. ‘फ्लश’ने मजकूर पायथनच्या बफरमधून ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो, ‘एफसिंक’ने तो डिस्ककडे रवाना होतो. हे दुसरे पाऊल अनेकांना फाजील वाटते. पण २००९ च्या सुमारास लिनक्सवर ईएक्सटी-४ ही फाइल-सिस्टिम नवी असताना, मशीन अचानक बंद पडल्यावर शून्य बाइटच्या फाइल सापडत होत्या: नाव बदलल्याची नोंद डिस्कवर पोचलेली आणि आतला मजकूर मात्र अजून रॅममध्येच. ‘एफसिंक’ला थोडा वेळ लागतो. हिशेबाच्या फाइलसाठी तो जरूर द्या.

फाइल बंद करा. विंडोजवर उघड्या फाइलचे नाव बदलू देत नाहीत.

तात्पुरती फाइल फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशा परवानगीने, म्हणजे ०६०० ने, बनते. मूळ फाइल इतरांनाही वाचता येत असेल तर ‘शटिल’मधल्या ‘कॉपीमोड’ने तिच्या परवानग्या नव्या फाइलला द्या. हे विसरलात तर तुमच्याकडे सगळे ठीक दिसेल आणि दुसऱ्या युजरखाली चालणारा वेब-सर्व्हर मात्र फाइल वाचता येत नाही म्हणून अडून बसेल.

मग ‘ओएस’मधले ‘रिप्लेस’ चालवा: आधी तात्पुरत्या फाइलचे नाव, नंतर मूळ. पायथन ३.३ पासून ते आहे. त्याच नावाची फाइल आधीपासून असली की ‘रिनेम’ विंडोजवर अडते, ‘रिप्लेस’ अडत नाही. लिनक्स आणि मॅकवर ही अदलाबदल एका झटक्यात होते. त्या क्षणी कोणी फाइल उघडली तर त्याला पूर्ण जुनी किंवा पूर्ण नवीच मिळते. मूळ नाव सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे नाव, असेल तर आधी ‘रिअलपाथ’ने खरा पत्ता काढा, नाहीतर सिमलिंकच्या जागी साधी फाइल येऊन बसेल.

हे सगळे ‘ट्राय’मध्ये ठेवा. ‘एक्सेप्ट’मध्ये आधी फाइल बंद करा, मग ‘अनलिंक’ने पुसा आणि तीच त्रुटी पुन्हा ‘रेज’ करा. त्रुटी गिळून टाकली तर हिशेब अद्ययावत झाला नाही हे कोणाला कळणारच नाही.

दोन स्क्रिप्ट एकाच वेळी चालल्या तर फाइल धड राहील, पण नंतर संपणारी आधीचीचे बदल पुसून टाकेल. तिथे लॉक, म्हणजे एका वेळी एकाच स्क्रिप्टला फाइलला हात लावू देणारी सोय, लागतोच.

शेवटी फाइलची एक प्रत घ्या, लिहिण्याच्या लूपमध्ये दहाव्या ओळीनंतर मुद्दाम त्रुटी ‘रेज’ करा आणि त्या प्रतीवर स्क्रिप्ट चालवा. प्रत जशीच्या तशी असली पाहिजे आणि फोल्डरमध्ये एकही तात्पुरती फाइल उरता कामा नये.