पटकथेवरचा अभिप्राय विकत घ्यावा का?

अंधेरीतल्या एका निर्मितीसंस्थेसाठी मी काही काळ पटकथा वाचायचं काम केलं. पुढे स्वतः लिहायला लागले तेव्हा पैसे मोजून अभिप्रायही घेतले. त्यामुळे पैसे घेऊन पटकथा वाचणाऱ्या एखाद्या सर्व्हिसबद्दल ‘मॅडम, ही घेऊ का?’ असं नवीन मुलं विचारतात तेव्हा मी आधी विचारते, कितवा ड्राफ्ट आहे? पहिला असेल तर नको. त्यातल्या ढोबळ चुका मित्रसुद्धा फुकटात दाखवतील.

असा लेखी अभिप्राय मुळात लेखकांसाठी नव्हताच. स्टुडिओत पटकथांचा ढीग येतो, साहेबांना वेळ नसतो, म्हणून वाचक नेमतात. तो कथेचा सारांश लिहितो, खाली टिप्पणी आणि शेवटी शेरा: नकार, विचार करावा किंवा शिफारस. याला कव्हरेज म्हणतात. आता साधारण तोच कागद लेखकाला विकला जातो. म्हणून तो हातात आला की टिप्पणीच्या आधी सारांश वाचा. तुमचा सिनेमा ज्या प्रसंगावर उभा आहे तो प्रसंग सारांशातून गायब असेल, तर ती सगळ्यात कामाची माहिती आहे.

माझ्या एका मैत्रिणीच्या पटकथेत बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, तिथे कथा फिरते. वाचकाच्या सारांशात त्या सहीबद्दल अवाक्षर नव्हतं, कारण पटकथेत ती दोन ओळींत उरकलेली. खालची टिप्पणी मात्र अशी: ‘पात्रं अधिक ठळक हवीत, मध्यंतरानंतर गती मंदावते.’ पात्रांची नावं झाकली तर हे वाक्य कुठल्याही पटकथेला डकवता येईल. नंतर तिनं एका मालिकालेखकाला तासाभराचे पैसे देऊन भेट घेतली. तो म्हणाला, ‘भाऊबीजेला भाऊ साडी देतो तो सीन आहेच ना? मग कागद त्याच पिशवीतून निघू दे.’ पैसे वसूल! माझं मत सरळ आहे, छापील साच्यातल्या चार पानांपेक्षा लिहित्या माणसाचा एक तास घ्या. आधी त्याचं काम बघा, आणि सर्व्हिसच घ्यायची असेल तर जुन्या अभिप्रायाचा नमुना मागा. द्यायला का-कू केली तर पुढे जाऊ नका.

परदेशी सर्व्हिसचं आणखी एक त्रांगडं आहे. फ्रँकलिन लेनर्डनं २००५ साली सुरू केलेली ‘ब्लॅक लिस्ट’ म्हणजे हॉलिवूडमधल्या लोकांनी मतं देऊन निवडलेल्या, न बनलेल्या पटकथांची वार्षिक यादी. त्याच नावाची, पैसे घेऊन पटकथा वाचणारी वेबसाइट २०१२ची. आपली मुलं दोन्हींची गल्लत करतात आणि तिथं गुण मिळाले की दार उघडेल असं समजतात. वर्सोव्यातल्या निर्मात्यानं ते गुण विचारलेले मी तरी पाहिले नाहीत. शिवाय मराठी पटकथेचं आधी इंग्रजी करा, म्हणजे कोल्हापूरकडची आजी आणि पुण्यातली सून एकाच सुरात बोलणार. रचनेबद्दल काही हाती लागेल, संवादांबद्दल शून्य.

वाचणारा कोण, यावर सगळं आहे. ‘लापता लेडीज’ची मूळ कथा बिप्लब गोस्वामींची, सिनेस्तानच्या पटकथास्पर्धेतून आलेली. परीक्षकांत आमिर खान होता. म्हणजे वाचणाऱ्याच्या हातात सिनेमा करायची ताकद होती. आणि तरीही पुढे पटकथा-संवादांवर स्नेहा देसाईंनी काम केलं. एनएफडीसीच्या, म्हणजे सरकारी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, लेखन-लॅबसारख्या ठिकाणी निवड झाली तर जाणत्या लेखकांबरोबर बसून मसुद्यावर काम होतं. निवड अवघड, पण अर्ज करायला काय हरकत आहे?

कुणालाही पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेकडे पटकथेची नोंदणी करून ठेवा. नुसत्या कल्पनेला कायद्याचं संरक्षण नसतं, लिहिलेल्या मसुद्याला असतं, त्यामुळे दोन ओळींची कल्पना नव्हे, पूर्ण पटकथा नोंदवा.

त्याही आधी एखाद्या रविवारी नाटकातली चार-पाच पोरं घरी बोलवा आणि पटकथा मोठ्यानं वाचून घ्या. खर्च चहा-वडापावचा. तुम्ही मध्ये बोलायचं नाही, फक्त पानाच्या कडेला खुणा करायच्या: वाचणारा कुठे अडखळला, कोण कधी मोबाइलकडे वळलं. त्यानंतरही जे सुटत नाही, तेवढेच प्रश्न पैसे घेणाऱ्याला लिहून पाठवा. ‘कशी वाटली?’ असं मोघम नको. ‘बहीण सही का करते हे पटलं का, आणि कुठल्या पानावर पटलं?’ असं विचारा.