शेलमध्ये जॉब कंट्रोल बंद असल्यास काय करावे

शेल (आपण दिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) सुरू होताच टीटीवाय (म्हणजे टर्मिनल) वापरता येत नसल्याने जॉब कंट्रोल (चालू कामे थांबवण्याची व पुन्हा सुरू करण्याची सोय) बंद केल्याची सूचना आली, तर कंट्रोल-झेड दाबून चालू काम थांबवता येत नाही आणि अनेकदा कंट्रोल-सीदेखील निष्फळ ठरते. अशा वेळी शेल नव्याने इन्स्टॉल करण्याच्या खटाटोपात पडू नये. दोष बहुधा शेलचा नसून तो ज्या मार्गाने सुरू झाला त्या मार्गाचा असतो. शेलला टर्मिनल नुसते जोडलेले असून भागत नाही. ते त्याच्या सेशनचे (एकत्र चालणाऱ्या प्रोसेस-गटांच्या संचाचे) नियंत्रक टर्मिनल असावे लागते, कारण कीबोर्डवरून आलेला सिग्नल कोणत्या प्रोसेस-गटाला (एका कामाच्या प्रोसेसना) द्यायचा हे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्यावरूनच ठरवतो.

प्रथम ‘टीटीवाय’ ही कमांड चालवावी. इनपुट टर्मिनल नाही असे उत्तर आले, तर जोडणीच झालेली नाही. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनात) ‘रन’ किंवा ‘एक्झेक’ला इनपुट उघडे ठेवणाऱ्या ‘-आय’सोबत टर्मिनल जोडणारे ‘-टी’ द्यावे; एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या संगणकावर, थेट कमांड चालवतानाही ‘-टी’ लागते.

टर्मिनलचे नाव दिसले तरी तपास संपत नाही. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या ‘पीएस’ कमांडच्या यादीत त्याच शेलपुढे टीटीवायच्या रकान्यात प्रश्नचिन्ह असेल, तर टर्मिनल जोडलेले आहे, पण नियंत्रक नाही. लिनक्स ‘इनिट’च्या (बूट होताना सुरू होणाऱ्या पहिल्या प्रोसेसच्या) जागी थेट शेल देऊन बूट केल्यास हमखास हेच घडते, कारण तो शेल ‘/डेव्ह/कन्सोल’वर चालतो आणि ते उपकरण उघडल्याने नियंत्रक टर्मिनल मिळत नाही. बिझीबॉक्स (अनेक छोट्या लिनक्स कमांड एकत्र देणारा प्रोग्राम) असल्यास ‘सेटसिड सीटीटीवायहॅक एसएच’ ही कमांड द्यावी: पहिला भाग नवे सेशन उघडतो, दुसरा कन्सोलमागचे खरे उपकरण शोधून ते नियंत्रक करतो. बिझीबॉक्स नसेल, तर ‘सेटसिड’ने सुरू केलेल्या शेलचे इनपुट, आउटपुट आणि एरर हे तिन्ही प्रवाह ‘/डेव्ह/टीटीवाय१’कडे किंवा सिरियल पोर्ट असल्यास त्याच्या उपकरणाकडे वळवावेत. या कमांडच्या आधी शेलची ‘एक्झेक’ (चालू शेलच्या जागी नवा प्रोग्राम बसवणारी) कमांड लावण्याचा मोह टाळावा, कारण मग त्या शेलमधून बाहेर पडताच पहिल्या क्रमांकाची प्रोसेस संपून कर्नल पॅनिक होऊ शकतो, म्हणजे संपूर्ण प्रणाली बंद पडू शकते.

स्क्रिप्टमध्ये मात्र जॉब कंट्रोल नसणे हा बिघाड नव्हे. तेथे ते मुद्दामच बंद असते आणि खरोखर गरज असेल तेव्हाच ‘सेट -एम’ने चालू करावे.