परीक्षण लिहायचंय? मग आधी तळटीपा उघडा

संशोधनाच्या पुस्तकावर आपल्याकडं छापून येणारं परीक्षण वाचा, संभाजीनगर असो की नांदेड, सत्काराचं भाषण ऐकल्यासारखं वाटतं. मीही तसंच लिहायचो. मग एमएच्या एका पोरीच्या लघुप्रबंधात दिसलं की पोलीस अ‍ॅक्शन (निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची भारताची लष्करी कारवाई) १७ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली, विचारलं तर म्हणाली, सर, तुम्ही ज्याला संदर्भसमृद्ध म्हणलात त्याच पुस्तकात आहे की. फौजा शिरल्या १३ ला, १७ ला निजामानं शरणागती जाहीर केली. मी त्या पुस्तकाच्या तळटीपा उघडूनच बघितल्या नव्हत्या. तेव्हापासून असं करतो.

एकदा सरळ वाचून काढा, मग दुसऱ्यांदा मागून सुरू करा, म्हणजे संदर्भसूचीपासून. निजामकाळातल्या जमीन महसुलावरचं पुस्तक असेल अन् सूचीत एकही उर्दू किंवा फारसी कागद नसेल तर तिथंच थांबा, कारण संस्थानाचा कारभारच त्या भाषांत चालायचा, मग लेखकानं माहिती घेतली कुठून आणि ते उघड सांगितलंय का ते बघा. नंतर कुठल्याही दहा तळटीपा निवडा, लायब्ररीत जाऊन मूळ ग्रंथ काढा, पान जुळवा. अख्खा दिवस जातो, जाऊ द्या.

चूक सापडली तर पान नंबर टाकून लिहा. "काही ठिकाणी त्रुटी जाणवतात" असलं मोघम वाक्य कुणाच्याच कामाचं नाही, लेखकाला पुढच्या आवृत्तीत दुरुस्तीही करता येत नाही. कौतुकाचंही तसंच, लेखकानं गावोगाव हिंडून म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या असतील तर त्यातून नवीन काय हाती लागलं ते सांगा, नुसतं "मोलाची भर" नको.

लेखक तुमचे गाईड असतील तर सरळ नाही म्हणा. नुसती ओळख असेल तर पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका. अन् माणसावर घसरू नका.

परीक्षण लिहिल्याचे प्राध्यापकाला बढतीसाठी गुण मिळत नाहीत हे खरंय. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १० गुण आहेत, परीक्षणाला वेगळा रकानाच नाही, म्हणून पुस्तकं धडाधड निघायलेत आणि आयएसबीएन असला की दर्जेदार असं लोक समजायलेत. तो फक्त पुस्तक ओळखायचा १३ आकडी नंबर आहे हो, आतला मजकूर त्यासाठी कुणी तपासत नाही. कितीतरी पुस्तकांच्या बाबतीत ते तपासणारा पहिला माणूस परीक्षण लिहिणाराच असतो.

त्या पोरीची तारीख आम्ही सबमिशनच्या आधी दुरुस्त केली. माझ्या जुन्या परीक्षणाची दुरुस्तीही संपादकांना पाठवली, त्यांनी पुढच्या अंकात अर्धं पान दिलं. तुमचंही असं एखादं जुनं परीक्षण असेल तर सुरुवात तिथूनच करा.