वजन कमी करायचंय, मग ट्रेडमिल की डंबेल?

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, वजन मुळात खाण्यावर उतरतं. 1 किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, आणि 70 किलोचा माणूस 1 किलोमीटर पळला की जातात जेमतेम 70, चालला तर त्याहूनही कमी. म्हणजे नुसतं पळून 1 किलो चरबी घालवायची तर 110 किलोमीटर झाले, करा हिशोब! त्यापेक्षा रोजच्या खाण्यातनं 300 ते 500 कॅलरी कमी करणं कितीतरी सोपं.

आता व्यायामाचं. तेवढ्याच वेळात जास्त कॅलरी कार्डिओतच (पळणं, भराभर चालणं, सायकल असा दम लागणारा व्यायाम) जातात, यात वाद नाही. अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीने वजन जास्त असलेल्या लोकांवर केलेला, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, एक गट फक्त कार्डिओ, एक फक्त वेट्स (डंबेल वगैरे वजनं उचलणं), एक दोन्ही. चरबी कार्डिओवाल्यांची जास्त उतरली, वेट्सवाल्यांचे मसल्स वाढले, आणि दोन्ही करणाऱ्यांना दोन्ही फायदे मिळाले पण वेळ जवळपास दुप्पट द्यावा लागला.

मग वेट्स कशाला? तर तुम्ही खाणं कमी केलं की शरीर चरबीसोबत मसल्सही खायला लागतं, आणि वजनकाट्याला त्यातला फरक कळत नाही, तो फक्त आकडा दाखवतो. वेट्स उचलत राहिलात आणि प्रोटीन नीट घेतलं (वजनाच्या दर किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास) तर मसल्स बऱ्यापैकी टिकतात आणि जाते ती मुख्यतः चरबी. "मसल्स वाढले की झोपेतही भरपूर कॅलरी जळतात" हे मात्र फार फुगवून सांगितलं जातं, 1 किलो मसल दिवसभरात आरामात असताना 13 कॅलरीच्या आसपासच जाळतो, त्या आशेवर जिम लावू नका.

माझं मत विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा आधी आठवड्यातले 2 दिवस वेट्सचे पक्के करा आणि उरलेल्या वेळात कार्डिओ बसवा, उलटं केलं की वेट्स हमखास राहून जातात. त्या 2 दिवसांत पूर्ण बॉडी घ्या: स्क्वॉट (उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), पुशअप किंवा चेस्ट प्रेस (छातीपासून वजन ढकलणं), रोइंग (वजन स्वतःकडे ओढणं), शोल्डर प्रेस (खांद्यापासून वजन वर ढकलणं). प्रत्येकाचे 2-3 सेट (फेऱ्या), एका सेटमध्ये 8 ते 12 रेप्स (म्हणजे तितक्या वेळा), शेवटचे दोन रेप्स जड गेले पाहिजेत पण फॉर्म (उचलण्याची योग्य पद्धत) बिघडता कामा नये, आणि 12 सहज व्हायला लागले की वजन थोडं वाढवा. वर्षभर तेच डंबेल हलवण्यात काही अर्थ नाही.

कार्डिओ म्हणजे पळायलाच पाहिजे असं नाही. भराभर चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका स्पीड पुरे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते, ती तुकड्यातुकड्यात केली तरी चालतात. गुडघे दुखत असतील तर सायकल किंवा पोहणं. बीपी, हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा. दोन्ही एकाच दिवशी असेल तर वेट्स आधी, कारण दमल्यावर जड वजन उचलताना फॉर्म जातो.

वेट्स नवीन सुरू केले की काटा काही दिवस हलत नाही, कधी कधी वरही जातो, ते दुखऱ्या मसल्समध्ये धरलेलं पाणी असतं, घाबरून सोडू नका. कंबर टेपने मोजा, आठवड्यातनं एकदा, त्याच वेळी. आणि घड्याळाने 500 कॅलरी दाखवल्या म्हणून तेवढं जास्त खाऊ नका, ते आकडे बऱ्याचदा वाढीव असतात.

वजन झपाट्याने उतरतंय पण आधी सहज उचलायचात ते वजनही आता उचलवत नाही असं झालं, तर खाणं खूपच कापलंय किंवा कार्डिओ अती होतंय. अशा वेळी कार्डिओ थोडं कमी करा, जेवण आणि झोप वाढवा, वेट्स तसेच चालू ठेवा.