पिस्टनचा कार्बन: जीव लावायचा तो रिंगच्या खाचांना

इंजिन खोललं की पिस्टनचं काळंकुट्ट डोकं आधी दिसतं आणि हात तिकडेच वळतो. पण डोक्यावर कार्बनचा पुसट डाग राहिला तर काही बिघडत नाही. पिस्टनभोवतीच्या ज्या खाचांत रिंगा बसतात, तिथे राहिला तर नवी रिंग आत पूर्ण बसत नाही, सिलिंडरमध्ये घट्ट होते आणि तुटूही शकते. म्हणून माझा निम्म्याहून जास्त वेळ खाचांवरच जातो.

सुरुवातीलाच प्रत्येक पिस्टन कोणत्या सिलिंडरचा आणि डोक्यावरचा बाण कुठल्या बाजूला होता ते कागदावर लिहा. मार्करची खूण क्लीनरमध्ये धुऊन जाते, त्यामुळे मी प्रत्येकाला वेगळा डबा देतो. रिंगा काढून पिस्टन कार्बोरेटर क्लीनरमध्ये बुडवा आणि रात्रभर विसरून जा. रॉकेलही चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून आणि आगीपासून लांब करा. पेट्रोल वापरू नका. कॉस्टिक सोडा किंवा ओव्हन क्लीनर तर अजिबात नको: ते ॲल्युमिनियम खातात आणि त्यातून हायड्रोजन सुटतो.

भिजलेला थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. हटला नाही तर जोर लावू नका, परत भिजवा. ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश नको. डोक्यावर ओरखडे पडतात आणि खाचांच्या कडा गोल होतात. सँडपेपरही मी लांबच ठेवतो. त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि पुढे बेअरिंगपर्यंत पोचतात.

आता खाचा. जुनी रिंग मोडून तिच्या टोकाने खरवडायची पद्धत सगळीकडे आहे, मीही तेच करतो. पण ज्या खाचेची रिंग त्याच खाचेत घ्या आणि तुटलेली धार आधी घासून बोथट करा. फक्त काळं निघायला हवं. चंदेरी कीस दिसला की तिथेच थांबा, कारण तो पिस्टनचा धातू आहे. ऑइल रिंगच्या खाचेत बारीक भोकं असतात, सिलिंडरवरून खरवडलेलं ऑइल त्यांतूनच परत जातं. ती तुंबली तर नव्या रिंगा टाकूनही इंजिन ऑइल पीत राहतं. मापाचं ड्रिल बिट नुसतं बोटांनी फिरवा किंवा तांब्याची तार घाला. भोक मोठं करायचं नाही.

स्कर्टला, म्हणजे पिस्टनच्या रिंगांखालच्या भागाला, फक्त क्लीनर आणि मऊ फडकं. तिथल्या बारीक रेषा मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्यांत ऑइल टिकतं. काही पिस्टनवर काळसर लेपही असतो, त्याला कार्बन समजून घासू नका.

शेवटी धुऊन, वाळवून उजेडात धरा. गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) भोकाभोवती आणि दोन खाचांमधल्या पट्टीवर चीर आहे का बघा. मग नवी रिंग बाहेरून खाचेत धरून पूर्ण गोल फिरवा, कुठेही अडकता कामा नये. रिंग आणि खाच यांच्यातली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त भरली तर तो पिस्टन, कितीही चकचकीत झालेला असो, परत बसवू नका.